चौथीच्या बक्षिसाची पावती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंड्यात गेली तीस-बत्तीस वर्षे मी सनदी लेखापाल म्हणून काम करतो. आयकराची विवरणपत्रे, देवस्थानांचे आणि संस्थांचे हिशेब, क्वचित एखाद्या विलाचा कच्चा मसुदा, असे माझ्या कामाचे स्वरूप. गावासाठी ठेवून दिलेल्या पैशाची कायमची व्यवस्था कशी व्हावी, या विषयावर लिहितो आहे. तो माझ्या सहव्यावसायिकांचा, म्हणजे लेखापालांचा, वकिलांचा आणि नोटरींचा आहे. पण ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत आणि ज्यांना आपल्या गावासाठी काही ठेवून जावेसे वाटते अशा प्रत्येक वाचकाचाही तो आहे. म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे.

एप्रिलमध्ये एक गृहस्थ पत्र्याची जुनी पेटी घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मावशीच्या घराचे छप्पर उतरवताना ती माळ्यावर मिळाली होती. पेटीत एक मुदत ठेवीची पावती होती. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला, पण बँकेचा जांभळा शिक्का अजून वाचता येत होता. रक्कम २५,००० रुपये. ठेवीदाराच्या जागी 'मुख्याध्यापक, सरकारी मराठी प्राथमिक शाळा' आणि गावाचे नाव. पावतीला टाचणीने एक मुद्रांक कागद जोडलेला होता आणि त्याच्या तळाशी साक्षीदार म्हणून माझीच सही होती.

ती सही पाहिल्याबरोबर त्या मावशी, म्हणजे शाळेतल्या बाई, आठवल्या. ही १९९४ सालची गोष्ट. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नव्हते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातात आले तेव्हा त्यांनी यजमानांच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवायचे ठरवले. मी तेव्हा नवा होतो. खुर्चीत न टेकता त्या म्हणाल्या, "दरवर्षी एक पोर ह्यांचं नाव घेईल. मला तेवढं पुरे." मी मोठ्या हौसेने मजकूर लिहून दिला: 'या ठेवीच्या वार्षिक व्याजातून सदर शाळेतील इयत्ता चौथीच्या वर्गात मराठी विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास बक्षीस द्यावे, अन्य कोणत्याही कारणासाठी ही रक्कम वापरू नये.' वाक्य कुठूनही गळता कामा नये म्हणून मी ते घट्ट बांधले होते. बाईंना ते फार आवडले होते.

त्या काळी बँका ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज देत. वर्षाला अडीच-तीन हजार रुपये ही खेड्यातल्या मुलासाठी मोठी रक्कम होती. सायकल येत असे तेवढ्यात. पुढे व्याजदर निम्म्यावर आले. शाळेत मुले कमी झाली, एकेका वर्गात चार-पाच उरली, चौथीत एखाद्या वर्षी कोणीच नसे. बाई गेल्या. ज्या मुख्याध्यापकांना पावतीची माहिती होती ते बदलून गेले. २००९ साली ठेवीची मुदत संपली आणि नूतनीकरण कोणी केले नाही. नंतर शाळाच बंद झाली. दहा वर्षे कोणी हक्क न सांगितलेली ठेव बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत वळती करावी लागते. २०१४ पासून ही योजना आहे. बाईंचे पैसे आता तिथे आहेत. ते परत मागता येतात, मागणाराने हक्क सिद्ध करायचा. हक्कदार आहे 'मुख्याध्यापक', आणि ते पद असलेली शाळाच आता नाही. भाच्याला ते पैसे नको आहेत. मावशीची इच्छा पुरी व्हावी एवढेच त्यांचे म्हणणे. मी त्यांना त्या दिवशी काही उत्तर देऊ शकलो नाही.

यात चूक कोणाची याचा मी बराच विचार केला. बँकेने नियम पाळला. शाळा बंद होण्यात कोणा एकाचा दोष नाही. चूक माझ्या त्या घट्ट वाक्याची आहे. पंचवीस वर्षांनी गाव कसे असेल हे बाईंना कळणे शक्य नव्हते, मलाही नव्हते. पण ते आपल्याला कळणार नाही, एवढे तरी मला कळायला हवे होते. सल्ला देणाऱ्याने नेमके तेवढेच पाहायचे असते.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एका माणसाला हेच खटकले होते. फ्रेडरिक गॉफ हा पेशाने वकील, पुढे एका ट्रस्ट बँकेचा प्रमुख झाला. श्रीमंत लोकांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या धर्मादाय रकमा त्याच्या रोजच्या पाहण्यात होत्या आणि त्यांतल्या कितीतरी निरुपयोगी होऊन पडल्या होत्या. सेंट लुइस शहरातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८५१ साली तिथल्या ब्रायन मुलनफी या गृहस्थाने पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या वाटसरूंच्या मदतीसाठी आपल्या इस्टेटीचा मोठा भाग ठेवला. पुढे रेल्वे आली, गाड्या जुंपून महिनोन्महिने प्रवास करणारे वाटसरू उरले नाहीत, पैसा मात्र त्यांचीच वाट पाहत राहिला. गॉफने १९१४ साली क्लीव्हलँड फाउंडेशन उभे केले. ते जगातले पहिले कम्युनिटी फाउंडेशन. व्यवस्था साधी होती. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्या एका कायम निधीत एकत्र येतील, मुद्दल बँक सांभाळील, आणि उत्पन्न कुठे खर्चायचे ते शहरातल्या नागरिकांची समिती दरवर्षी गरज पाहून ठरवील. देणाऱ्याने सांगितलेला हेतू पाळायचा, पण तो हेतूच कालबाह्य झाला तर त्याच्या जवळात जवळ जाईल असे काम शोधण्याचा अधिकार समितीला राहील. आज अशी फाउंडेशने जगभर आहेत. मुंबईत १९९१ पासून बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट आहे.

ही कल्पना एका सल्लागाराच्या टेबलावर जन्मली, हे मला महत्त्वाचे वाटते. देणाऱ्याच्या मनात काय आहे आणि वीस वर्षांनी त्या पैशाचे काय होते, या दोन्ही गोष्टी ज्याला दिसतात तो माणूस म्हणजे वकील किंवा हिशेबनीस.

आपल्याला हे परके वाटण्याचे काही कारण नाही. गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेला कोमुनिदाद हे नाव पोर्तुगीजांनी दिले, आपली गावकरी त्याच्या फार आधीची. गावची शेते सामायिक असत, त्यांची पावणी, म्हणजे लिलाव, होई. आलेल्या उत्पन्नातून आधी बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारे), वाटा, तळी, देवालय यांचा खर्च भागवला जाई आणि उरेल ते झोण म्हणून गावकारांत वाटले जाई. आधी गावाचे भागवायचे, मग आपला वाटा घ्यायचा, हा क्रम आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला आहे. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच घराघरांतून गोळा केलेल्या मूठभर तांदळाची आठवण आहे. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा अशा मुठींवर चालल्या. आणि अगदी अलीकडचे पाहायचे तर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी खाणींच्या खटल्यात निकाल देताना विकलेल्या खनिजाच्या रकमेतील दहा टक्के वाटा एका कायम निधीत टाकायला सांगितले. जमिनीखालची संपत्ती एका पिढीने संपवली तरी तिचा काही भाग पुढच्या पिढ्यांना मिळावा, हा त्यामागचा विचार. फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे इकडच्या लोकांना खाणीचा पैसा कसा येतो आणि कसा जातो हे वेगळे सांगायला नको. कायम निधी म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मग अडते कुठे? आम्ही विचारत नाही, तिथे अडते.

घरदार, भाट-कुळागराची बागायत विकून पैसे आले की माणूस आमच्याकडे येतो. निवृत्त झाला की येतो. विल करायचे ठरवले की येतो. आयुष्यात आपल्याजवळ एकूण किती आहे याची बेरीज तो फार तर दोन-तीन वेळा करतो आणि त्या वेळी समोर आम्ही बसलेले असतो. आम्ही विचारतो पॅन, आधार, सर्व्हे नंबर, मुलांची नावे. 'गावासाठी, समाजासाठी काही ठेवायचे मनात आहे का?' हे मी पहिली पंचवीस वर्षे एकाही अशिलाला विचारले नाही. खासगी बाब आहे, आपण कशाला बोलायचे, असे वाटायचे. देणगीचा विषय निघाला तर मी फक्त ८०जीचे, म्हणजे १९६१च्या आयकर कायद्यातील देणगीवरच्या सवलतीच्या कलमाचे, टक्के सांगत असे.

विचारल्याने किती फरक पडतो याचा इंग्लंडमध्ये २०१३ साली रीतसर प्रयोग झाला. फोनवरून विल करून देणाऱ्या एका कायदा सेवेतील कर्मचाऱ्यांनी काही ग्राहकांना काहीच विचारले नाही. त्यांतल्या सुमारे ५ टक्के लोकांनी धर्मादायासाठी काही ठेवले. काहींना नुसते विचारले, 'एखाद्या संस्थेला काही ठेवायचे आहे का?' ते प्रमाण १० टक्क्यांवर गेले. तिसऱ्या गटाला विचारले, 'आमचे बरेच ग्राहक संस्थांना काही ठेवतात. तुमच्या जिव्हाळ्याचे असे काही काम आहे का?' तिथे १५ टक्के. एका प्रश्नाने तिप्पट! कोणावर दबाव नव्हता, कसली सवलत दाखवली नव्हती.

हे वाचल्यापासून मी विचारू लागलो. मे महिन्यात मडकईच्या बाजूचे एक जोडपे विलासाठी आले. ते आखातात नोकरी करून परतलेले. मुलगी बंगळूरला, मुलगा इंग्लंडमध्ये, पोर्तुगीज पासपोर्टवर. तो रजेवर आला होता म्हणून तिघे समोर बसले होते. सगळी यादी झाल्यावर मी तो प्रश्न विचारला. यजमान काही बोलले नाहीत, नुसते पंख्याकडे पाहत राहिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, आमच्या वाड्यावरच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसायला जागा नाही. घरात टीव्ही, बाहेर पाऊस. एक खोली, चार ट्यूबलाइट, आणि कोणीतरी कुलूप उघडणारं. तेवढं झालं तर..." त्यांचे वाक्य संपायच्या आत यजमान बोलू लागले. त्यांच्या लहानपणी खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचा, बांध फुटला होता. खारे पाणी शेतात शिरले, तीन वर्षे भात झाले नाही, त्यांच्या वडिलांनी तेव्हा बैल विकले. बांधाच्या डागडुजीला पैसे ठेवावेत हे त्यांच्या मनात कधीपासून होते आणि घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते. मुलगा वडिलांकडे बघतच राहिला.

दहा लाख ठेवायचे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. आणि मग माझी पंचाईत झाली. द्यायचे कोणाला? गावातल्या वाचनालयाची नोंदणी कधीच मागे पडलेली. क्लबचा हिशेब एका सद्गृहस्थाच्या वहीत आहे आणि तो अगदी प्रामाणिक आहे, पण ते आता ऐंशीचे आहेत. बांध पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला ८०जीचे प्रमाणपत्र देता येत नाही. स्वतःचा ट्रस्ट काढावा म्हटले तर दहा लाखांवर सात टक्क्यांनी सत्तर हजार येतील. त्यातून हिशेब तपासणी, विवरणपत्र, आयकर खात्याकडील नोंदणीचे ठरावीक वर्षांनी नूतनीकरण, विश्वस्तांच्या बैठका. मुलांच्या ट्यूबलाइटला उरणार किती? आणि दोघांच्या माघारी विश्वस्त कोण? लहान कुटुंबाने स्वतःचा ट्रस्ट काढू नये, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. चार खोल्यांच्या घरासाठी वेगळा वीजप्रकल्प कोणी उभारत नाही.

अशा दात्यांसाठी तालुक्याचा किंवा सबंध गोव्याचा एक सामायिक कायम निधी हवा. त्यात ज्याच्या-त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते असेल, वहिनींच्या अभ्यासिकेचे वेगळे, यजमानांच्या बांधाचे वेगळे. पण ऑडिट एक, विश्वस्त मंडळ एक, गुंतवणूक एक. कुठली संस्था खरेच काम करते, कुणाचा हिशेब चोख आहे, हे पाहणारी दोन पगारी माणसे तिथे असतील. मी टेबलामागे बसून ते पाहू शकत नाही आणि इंग्लंडमधला मुलगा तर मुळीच नाही.

अशा निधीकडे अशिलाला नेण्याआधी आम्हा मंडळींना काही गोष्टी नीट माहीत हव्यात. त्यांतल्या काही गोव्यापुरत्याच आहेत, त्या मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत मिळत नाहीत.

पहिली म्हणजे लेजितिमा, मालमत्तेतला वारसांसाठी राखीव भाग. १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली आणि आताच्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्यात कायम राहिलेली ही तरतूद. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतीपत्नींची मालमत्ता सामायिक असते, अर्धी त्याची, अर्धी तिची. मुले असतील तर प्रत्येकाच्या अर्ध्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, उरलेल्याचे विल करता येते. दोन कोटींची मालमत्ता असेल तर प्रत्येकी एक कोटी, त्यातले पन्नास लाख मुलांचे आणि पन्नास लाख मनाप्रमाणे. हे न पाहता हयातीतच जास्त देऊन टाकले तर पुढे वारस ती देणगी कमी करून मागू शकतात. घर किंवा जमीन द्यायची तर दोघांची सही हवी. मी तर म्हणेन की मुलांना समोर बसवूनच ठरवावे. वडिलांच्या मनातला बांध त्या मुलाला त्या दिवशी कळला. तो पुढे कधी विलाला आव्हान देईल असे मला वाटत नाही.

लोकांना पैशापेक्षा जमीन द्यायला आवडते, हाही माझा अनुभव आहे. पण ८०जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे, जमिनीला वा दागिन्यांना नाही. २०२३च्या कायद्यानंतर भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याच्या नावे सहजासहजी करता येत नाही. शिवाय कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचे हक्क असतात. जमीन देण्याआधी कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत, नाहीतर देणगीबरोबर खटलाही दिला जातो.

८०जीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळत नाही आणि आता बहुतेक पगारदार व निवृत्त मंडळी नव्या प्रणालीतच आहेत. जुन्या प्रणालीतही रोख दोन हजारांवर दिलेल्या देणगीला ती नाही, आणि संस्थेने आयकर खात्याच्या पोर्टलवरून काढून दिलेले प्रमाणपत्र हातात नसेल तर नुसती पावती चालत नाही. मरणोत्तर कर तर आपल्याकडे १९८५ पासून नाहीच, त्यामुळे अमेरिकेतल्यासारखे कर वाचवण्यासाठी देण्याचे कारण इथे उरत नाही. म्हणून टक्क्यांपासून सुरुवात करू नका, असे मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगतो. वहिनींनी टक्के विचारले नव्हते.

गुप्तदानाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे ते सर्वांत मोठे पुण्य मानतात. 'माझे नाव कुठे यायला नको' असे म्हणणारे अशील मला दरवर्षी भेटतात. त्यांचा मान ठेवावा अशीच ती भावना आहे. पण देणाऱ्याचे नाव-पत्ता संस्थेच्या दप्तरी नसेल, तर धर्मादाय संस्थेला अशा रकमेवर एका मर्यादेपलीकडे तीस टक्के कर भरावा लागतो. केवळ धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे. म्हणजे देवळाच्या पेटीत टाकलेले निनावी पैसे चालतात, अनाथाश्रमाला दिलेले तसे चालत नाहीत. सामायिक निधीत ही अडचण सुटते. नाव आणि पॅन निधीच्या दप्तरात राहतात, आणि अभ्यासिकेला मदत जाते ती निधीच्या नावाने. कायद्याला माणूस माहीत, गावाला नाही. आपल्या जुन्या गुप्तदानाला आजच्या काळात याहून चांगली वाट मला दिसत नाही.

आणि पासपोर्ट. मडकईच्या त्या मुलाने निघताना विचारले, "मीही यात दरवर्षी थोडे घालू का?" त्याची तळमळ खरी होती, पण मला त्याला थांबवावे लागले. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात काम करणाऱ्याने बँकेतून पाठवलेली स्वतःची बचत ही विदेशी देणगी ठरत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याने, ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, दिलेला पैसा विदेशी देणगी ठरतो. त्यासाठी संस्थेला गृहमंत्रालयाची नोंदणी लागते, पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत यावा लागतो, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गोव्यातल्या किती घरांना हे लागू आहे ते मी सांगायला नको. नव्याने निधी उभारणाऱ्यांनी ही नोंदणी करण्याइतकी पात्रता लवकर कमवावी, नाहीतर परदेशातले गोंयकार दारातच राहतील.

निधी चालवणाऱ्यांसाठीही अडचणी आहेत, त्या झाकू नयेत. एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच आता खर्च म्हणून धरले जातात. म्हणून शक्य तिथे निधीने शिष्यवृत्ती थेट मुलाला द्यावी, डागडुजीचे बिल थेट भरावे. दात्याच्या नातलगांना निधीने लाभ देऊ नये, आणि हे अशिलाला सुरुवातीलाच सांगून टाकावे, कारण 'पुतण्याच्या शिक्षणापासून सुरू करू' ही सूचना हमखास येते. महाराष्ट्रासारखे धर्मादाय आयुक्त गोव्यात नाहीत, त्यामुळे निधीने आपला हिशेब आपणहून दरवर्षी वर्तमानपत्रात छापावा. लोकांचा विश्वास तेवढ्यानेच बसेल.

आमच्या मंडळींसाठीही एक कडक नियम हवा. देणगी कुठे वळवायची यावर कोणी एक पैसा कमिशन घेऊ नये. ज्या संस्थेचे काम आपण पाहतो तिचे नाव अशिलापुढे पुढाकाराने घेऊ नये. माझ्याकडे दोन देवस्थानांचे हिशेब आहेत, म्हणून मी त्यांचे नाव सुचवत नाही. अशिलाने आपणहून घेतले तर गोष्ट वेगळी.

सनदी लेखापालांची गोव्यात शाखा आहे, तालुक्यांत वकिलांच्या संघटना आहेत. या दोघांनी मिळून एक संध्याकाळ या विषयासाठी बसावे, नोटरींना बोलवावे, देवस्थानांच्या आणि वाचनालयांच्या जाणत्या माणसांनाही बोलवावे. माझ्या कार्यालयाची वरची खोली त्यासाठी मोकळी आहे आणि अशा निधीची पहिली पाच वर्षे हिशेब तपासणी मी विनामूल्य करीन. आपल्या दैनिकाने या विषयावर इतरांचीही पत्रे मागवावीत अशी माझी विनंती आहे.

बाईंच्या भाच्यांना मी परवा बोलावून घेतले. शाळेची मालकी शिक्षण खात्याची होती, तेव्हा खात्यामार्फत ती रक्कम मागायचा अर्ज आम्ही तयार केला आहे. सोबत नवा मजकूर जोडला आहे. त्यात यजमानांचे नाव तेच आहे, मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलाचे बक्षीस तेच आहे, फक्त शाळेच्या नावापुढे 'आणि ती शाळा नसल्यास तालुक्यातील कोणत्याही शाळेत, आणि तेही शक्य नसल्यास मुलांच्या मराठी वाचनासाठी' असे शब्द वाढवले आहेत. मडकईच्या जोडप्याचे विलही माझ्या टेबलावर तयार आहे. गणेशाची चवथ झाली की ते सब-रजिस्ट्रारकडे जाणार आहेत. त्यात 'दहा लाख रुपये' या शब्दांनंतर मी एक ओळ कोरी सोडली आहे. तिथे कोणाचे नाव लिहायचे, ते मला चवथीच्या आत हवे आहे.

आपला,
एक सनदी लेखापाल
फोंडा, गोवा